एक व्यवहार, पाच शिक्षक : वाणिज्य व व्यवस्थापन अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या वाणिज्य व व्यवस्थापन अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य

स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची पुन्हा मांडामांड चालू आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) अशा खणांत जुने पेपर बसवले जात आहेत. ही आवराआवर पुरी होण्याआधी एका विषयाबद्दल लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते. विषय आहे कंपन्यांचे विलीनीकरण आणि अधिग्रहण.

हा विषय अभ्यासक्रमात नाही, अशी आमची तक्रार नाही. तो पाच ठिकाणी आहे, आणि दुखणे तेच आहे. फायनान्शियल मॅनेजमेंटमध्ये एक प्रकरण, त्यात ईपीएसचा (शेअरमागच्या कमाईचा) तक्ता. कॉर्पोरेट अकाउंटिंगमध्ये ‘अ लि.’ने ‘ब लि.’ला घेतल्याच्या नोंदी. कंपनी कायद्यात कलम २३० ते २३२. स्ट्रॅटेजीमध्ये सिनर्जीची (एकत्र आल्याने होणाऱ्या फायद्याची) सात कारणे. एचआरमध्ये चेंज मॅनेजमेंटच्या खाली एक ओळ. मुलगा पाचही पेपर सुटतो. पण गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली, लिमिटेडच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२ शेअर मिळाले, मग बँकेला नव्या शाखा उघडण्याची एवढी घाई का, हे विचारले की गप्प बसतो. हा प्रश्न कुठल्याच एका पेपरचा नाही. आमच्या रोजच्या कामातले जवळजवळ सगळे प्रश्न असेच असतात.

आम्ही या कामातली माणसे आहोत : सीए, कंपनी सेक्रेटरी, नोंदणीकृत मूल्यांकक, बँकांच्या संगणक प्रणाली जोडणारे आणि विलीनीकरणानंतर वेतनश्रेणी जुळवत बसणारे. मागणी एकच आहे. विलीनीकरणाचा चार क्रेडिटचा, ६० तासांचा एक स्वतंत्र पेपर ठेवा. तो पाच शिक्षकांनी मिळून एकाच खऱ्या व्यवहारावर शिकवावा. कसा, ते त्याच एचडीएफसीच्या उदाहरणावर दाखवतो. हे मुंबईतले विलीनीकरण आहे, त्याचे सगळे कागद फुकट मिळतात आणि वर्गातल्या अनेक घरांत या बँकेचे खाते असते.

४ एप्रिल २०२२ ला घोषणा झाली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे ना-हरकत, ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाची मंजुरी, २५ नोव्हेंबरला भागधारकांची सभा, १७ मार्च २०२३ ला एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाचा आदेश आणि १ जुलै २०२३ पासून विलीनीकरण अमलात. घोषणेपासून पंधरा महिने लागले. हा क्रम पाठ करून घेण्यात अर्थ नाही. तो फळ्यावर लिहावा आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या हातात नकाराधिकार होता, ते मुलांना शोधायला लावावे. भागधारकांच्या सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी मूल्याने तीन चतुर्थांश लोकांची संमती लागते. आक्षेप घ्यायचा तर किमान १० टक्के शेअर किंवा ५ टक्के कर्ज हातात असावे लागते. छोट्या भागधारकाला सभेत बोलता येते, पण एकट्याने आक्षेप घेता येत नाही. हे वाक्य कायद्याच्या तासाला येते आणि तिथेच संपते. खरे तर लगेच पुढचा प्रश्न यायला हवा : मग ४२ आणि २५ हे आकडे कोणी ठरवले, आणि छोट्या भागधारकाच्या वाट्याला नेमके काय आले?

आता गणित. ४२ भागिले २५ म्हणजे १.६८. समजा एका आजींकडे एचडीएफसी लिमिटेडचे १० शेअर होते आणि ते त्यांनी २०१९ मध्ये एकूण २४,००० रुपयांना घेतले होते. त्यांच्या वाट्याला १६.८ शेअर आले. डिमॅट खात्यात १६ जमा झाले. उरलेल्या ०.८ चे काय? सगळ्यांचे असे तुकडे एकत्र करून विश्वस्तामार्फत बाजारात विकतात आणि पैसे वाटतात. इथे मुले पहिली चूक करतात. नव्या शेअरची खरेदी किंमत म्हणून ती विलीनीकरणाच्या दिवसाचा बाजारभाव धरतात. प्रत्यक्षात जुनीच किंमत पुढे चालते : २४,००० भागिले १६.८, म्हणजे शेअरमागे १,४२८ रुपये ५७ पैसे. १६ शेअरची किंमत २२,८५७ रुपये १४ पैसे आणि तुकड्याची १,१४२ रुपये ८६ पैसे. तुकड्याचे जे पैसे हातात येतात, त्यातून हे १,१४२ वजा जाऊन भांडवली नफा निघतो. धारणकाळही २०१९ पासूनच मोजतात. म्हणजे एका आजींच्या दहा शेअरमध्ये मूल्यांकन, कंपनी कायदा आणि आयकर हे तिन्ही आले. हे उदाहरण फळ्यावर सोडवायला वीस मिनिटे पुरतात.

दुसरे गणित थोडे मोठे आहे आणि आम्हाला विशेष आवडते. विलीनीकरणाआधी बँकेचे सुमारे ५५९ कोटी शेअर होते. त्यातले सुमारे ११६ कोटी ४६ लाख एचडीएफसी लिमिटेड आणि तिच्या उपकंपन्यांच्या नावावर होते. आता या उपकंपन्यांसह एचडीएफसी लिमिटेडच बँकेत विरघळली, तर स्वतःचे शेअर स्वतःकडे कसे ठेवणार? ते रद्द झाले. एचडीएफसी लिमिटेडच्या भागधारकांना सुमारे ३११ कोटी नवे शेअर मिळाले. ५५९ वजा ११६ अधिक ३११, म्हणजे साधारण ७५४ कोटी. ३११ भागिले ७५४ केले की ४१ टक्के येतात. घोषणेत ‘एचडीएफसी लिमिटेडच्या भागधारकांकडे ४१ टक्के’ असे लिहिले होते, ते इथून आले. विद्यार्थ्याने हा आकडा स्वतः काढला की विलीनीकरणाच्या योजनेचा मसुदा वाचायची भीती निम्मी जाते. पाठ्यपुस्तकातल्या ‘अ लि.’मध्ये परस्पर धारण असले, तरी ते १० टक्के असते आणि नोंद करून मोकळे होता येते. इथे त्या रद्द झालेल्या शेअरमुळेच जुन्या बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा घसरून घसरून ५९ टक्क्यांवर थांबला.

इथवर फायनान्सवाले खूश असतात. घोडे पेंड खाते ते पुढे.

एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज देणारी कंपनी होती. तिचा पैसा मुख्यतः रोख्यांतून, बँकांच्या कर्जांतून आणि काही ठेवींतून यायचा. बँकांना लागू असलेले सीआरआर (देण्यांचा रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागणारा वाटा) आणि एसएलआर (मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागणारा वाटा) तिला लागू नव्हते. १ जुलैच्या सकाळी तीच देणी बँकेची झाली. तेव्हा सीआरआर साडेचार टक्के होता आणि एसएलआर १८ टक्के. १०० रुपयांच्या देण्यामागे साडेचार रुपये रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी आणि १८ रुपये सरकारी रोख्यांत. घरासाठी कर्ज द्यायला उरले साडेसत्त्याहत्तर.

हे आकड्यांत मांडू. दर समजण्यापुरते धरले आहेत. १०० रुपये साडेसात टक्क्यांनी उभे केले आणि पावणेनऊ टक्क्यांनी कर्जाऊ दिले, तर वर्षाला १ रुपया २५ पैसे उरतात. आता ७७.५ रुपयांवर पावणेनऊ टक्के म्हणजे ६ रुपये ७८ पैसे, १८ रुपयांवर ७.२ टक्के म्हणजे १ रुपया ३० पैसे, साडेचार रुपयांवर शून्य. एकूण ८ रुपये ८ पैसे. साडेसात वजा केले की उरतात ५८ पैसे. कर्जदार तोच, घर तेच, हप्ता तोच, आणि नफा निम्म्याहून कमी. (कंपनीही थोडी रोकड बाळगायचीच, त्यामुळे खरा फरक इतका धारदार नसतो. पण दिशा हीच.)

या ५८ पैशांवर वर्गात दोन तास घालवावेत असे आम्हाला वाटते. कारण त्यातून बाहेर पडायचा मार्ग एकच आहे : साडेसात टक्क्यांचे कर्ज फेडायचे आणि त्या जागी बचत व चालू खात्यांतल्या स्वस्त ठेवी आणायच्या. ठेवी आणायच्या म्हणजे शाखा हव्यात. बँकेने २०२२-२३ या एका वर्षात १,४७९ शाखा वाढवल्या आणि मार्च २०२३ अखेर संख्या ७,८२१ वर नेली. शाखा म्हणजे जागा, भाडे, माणसे आणि प्रशिक्षण. ठेवी म्हणजे ग्राहक, आणि इथे मार्केटिंगचा तास सुरू होतो. एचडीएफसी लिमिटेडच्या सुमारे ७० टक्के ग्राहकांचे एचडीएफसी बँकेत खातेच नाही, असे घोषणेच्या वेळी सांगितले गेले होते. हप्ता दुसऱ्याच बँकेतून कापला जातो. त्या ग्राहकाने पगाराचे खाते का बदलावे? त्याला काय देणार? कोण जाऊन बोलणार : गृहकर्ज विकणारा की शाखेतला अधिकारी? दोघांचे टार्गेट आणि इन्सेन्टिव्ह वेगवेगळे असेल तर कोणीच जाणार नाही. म्हणजे एचआर आले.

परिणामही तारखेनिशी दाखवता येतो. मार्च २०२३ मध्ये बँकेच्या ठेवी १८.८ लाख कोटी आणि कर्जे १६ लाख कोटी होती. गुणोत्तर ८५ टक्के. गृहकर्जांचा डोंगर आला, ठेवी मात्र त्या प्रमाणात आल्या नाहीत, आणि गुणोत्तर ११० च्या आसपास गेले. निव्वळ व्याजाचे मार्जिन आधी ४ टक्क्यांच्या वर होते, ते ३.४ वर आले. १७ जानेवारी २०२४ ला, तिमाही निकालाच्या दुसऱ्या दिवशी, शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त पडला. एप्रिल २०२२ मधली ईपीएसची आकडेमोड बरोबरच होती. फक्त तिच्यात हा प्रवास नव्हता.

यात आणखी दोन धागे आहेत. बँकेला कर्जवाटपाच्या ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला (शेती, लघुउद्योग वगैरे) द्यावे लागते. कंपनीची कर्जे बँकेत आल्यावर तो पाया एकदम फुगला. रिझर्व्ह बँकेने इथे सवलत दिली : पहिल्या वर्षी कंपनीच्या कर्जांचा एक तृतीयांश मोजायचा, उरलेला पुढच्या दोन वर्षांत. सीआरआर आणि एसएलआरमध्ये मात्र सवलत नाही. का नाही, यावर मुलांना वाद घालू द्या. दुसरा धागा हिशेबाचा. कंपनीची पुस्तके इंड एएस या नव्या भारतीय लेखामानकांनुसार होती आणि बँकांना इंड एएस अजून लागू नाही. एकाच गृहकर्जावर कंपनी ‘पुढे किती बुडेल’ असा अंदाज बांधून तरतूद करत होती, बँक थकबाकीच्या दिवसांवरून करते. दोन ताळेबंद शेजारी ठेवून बेरीज करणाऱ्या विद्यार्थ्याला हे माहीतच नसते. तो दोन वेगळ्या भाषांतली वाक्ये जोडून एक परिच्छेद करत असतो.

एकच व्यवहार घ्या म्हणतो ते यासाठी. तोंडी लावायला बाकीचे आहेतच, पण प्रत्येक एखाद्या विशिष्ट दुखण्यासाठी घ्यावा.

माणसांसाठी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स. २००७ मध्ये कागदावर दोन्ही कंपन्या एक झाल्या. वेतनाची रचना, बढतीचे नियम, वैमानिकांच्या संघटना मात्र दोनच राहिल्या. २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक वेतन समानतेसाठी संपावर गेले. २०१२ मध्ये पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर होते. कारण काय, तर नव्या बोइंग ७८७ चे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही देणार म्हणून. विमान नवे आले आणि ज्येष्ठतेची यादी जुनीच, दोन तुकड्यांत. वेतन आणि सेवाशर्ती जुळवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली ती विलीनीकरणानंतर चार वर्षांनी, म्हणजे वरातीमागून घोडे. वर्गात याचे रूपांतर साध्या व्यायामात होते : दोन काल्पनिक कंपन्यांच्या पाच-पाच पदांच्या याद्या द्या आणि एकच ज्येष्ठता यादी करायला सांगा. नेमणुकीची तारीख धरली तर एक गट ओरडतो, सध्याच्या पदावरची तारीख धरली तर दुसरा. एका तासात मुलांना कळते की ‘कल्चरल इंटिग्रेशन’ या गोड शब्दाच्या पोटात बहुतेक वेळा ज्येष्ठतेची यादीच असते.

ड्यू डिलिजन्ससाठी, म्हणजे खरेदीआधीच्या तपासणीसाठी, रॅनबॅक्सी ही औषध कंपनी. जपानच्या दायची सांक्योने जून २००८ मध्ये शेअरला ७३७ रुपये मोजायचे ठरवले. त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने देवास आणि पांवटा साहिब इथल्या कारखान्यांच्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायचे मान्य केले. माहिती दडवल्याबद्दल सिंगापूरच्या लवादाने पुढे दायचीच्या बाजूने निकाल दिला. ताळेबंद तपासणारा सीए प्रयोगशाळेची नोंदवही वाचत नाही, त्याने वाचावी अशी अपेक्षाही नसते. म्हणून तपासणीच्या चमूत गुणवत्ता विभागाचा माणूस लागतो. हे वाक्य आम्हाला कुठल्याही फायनान्सच्या टिपणात सापडलेले नाही.

टाटा स्टीलने घेतलेल्या कोरस या युरोपातल्या पोलाद कंपनीसाठी एक तास पुरेल, पण तो अ‍ॅक्चुअरीच्या (निवृत्तिवेतन आणि विम्याच्या देण्यांचे गणित करणाऱ्याच्या) विषयाला द्या, लिलावाच्या थराराला देऊ नका. टाटा स्टीलची पहिली बोली शेअरला ४५५ पेन्सची होती. जानेवारी २००७ अखेर नऊ फेऱ्यांच्या लिलावात ब्राझीलच्या सीएसएनला ६०३ वर थांबवून ६०८ पेन्सला सौदा झाला. सगळी पुस्तके इथे संपतात. पण पोलादाबरोबर ब्रिटिश स्टीलची निवृत्तिवेतन योजनाही घरात आली होती. ती वेगळी करायला २०१७ मध्ये ५५ कोटी पौंड आणि टाटा स्टील यूकेचा ३३ टक्के हिस्सा द्यावा लागला. विद्यार्थ्याला फक्त इतके विचारा : २००७ च्या मूल्यांकनात ही रक्कम कुठल्या ओळीत यायला हवी होती?

संगणक प्रणालीसाठी बँक ऑफ बडोदा, विजया आणि देना. १ एप्रिल २०१९ ला तिन्ही बँका एक झाल्या. विजयाच्या १,००० शेअरमागे बडोद्याचे ४०२, देनाच्या १,००० मागे ११०. तिन्ही बँका फिनॅकल हीच बँकिंग प्रणाली वापरत होत्या, म्हणून काम सोपे वाटेल. तरी शाखा एका प्रणालीवर आणायला २०२० चा डिसेंबर उजाडला, आणि जुने आयएफएससी १ मार्च २०२१ ला बंद झाले. आवृत्ती वेगळी, खाते क्रमांकांची लांबी वेगळी, उत्पादनांचे कोड वेगळे, एकाच ग्राहकाची दोन बँकांत दोन नावे. ‘आर. जी. पाटील’ आणि ‘रमेश गणपत पाटील’ हा एकच माणूस आहे हे यंत्राला कोण सांगणार? चुकीचे जुळवले तर एकाचे पैसे दुसऱ्याला दिसतात. जुळवलेच नाही, तर टीडीएससाठी दोन्हीकडच्या व्याजाची बेरीज होत नाही. हप्त्याचे आणि विम्याचे ऑटो-डेबिट नव्या कोडवर गेले नाही तर दंड ग्राहकाला बसतो आणि शिव्या शाखेला. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या पेपरात याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

झी आणि सोनीचा व्यवहार अर्ध्या तासात संपवता येतो. डिसेंबर २०२१ मध्ये करार, स्पर्धा आयोगाची तीन वाहिन्या विकायच्या अटीवर मंजुरी, ऑगस्ट २०२३ मध्ये एनसीएलटीचा होकार आणि २२ जानेवारी २०२४ ला सोनीने करार मोडला. ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या नाहीत असे सोनीचे म्हणणे होते. एकत्रित कंपनीचा प्रमुख कोण, हा वाद तोवर जगजाहीर झाला होता. गंगेत घोडे न्हाण्याआधी कागदावरची शेवटची अट कोणती असते, ते यात दिसते.

करांबद्दल एक नेमकी तक्रार. बाजारात मिळणाऱ्या कित्येक नोट्समध्ये आजही मूल्यांकन करताना गुडविलवर (मत्तेच्या मूल्यापेक्षा जास्त मोजलेल्या रकमेवर) घसारा धरून करबचत मिळवतात. २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीजच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसा घसारा मान्य केला होता, हे खरे. पण २०२१ च्या वित्त कायद्याने गुडविलला घसाऱ्यातून वगळले. १०० कोटींचे गुडविल, २५ टक्के घसारा आणि २५.१७ टक्के कर धरला, तर पहिल्या एकाच वर्षात ६ कोटी २९ लाखांची न मिळणारी बचत मूल्यात मिसळते. हिशेबाच्या बाजूला इंड एएस १०३ खालचे गुडविल दरवर्षी कापायचे नसते, त्याचे मूल्य घसरले का तेवढे तपासायचे असते. एएस १४ या जुन्या लेखामानकात मात्र ते सहसा पाच वर्षांत लिहून टाकतात. तीन नियम आणि तीन पेपर, आणि प्रत्येक पेपर आपल्या नियमाला ‘नियम’ म्हणतो. मुले गोंधळतात त्यात त्यांचा दोष नाही.

न्यायनिवाड्यांत एकच वाचून घ्यायचा तर हिंदुस्थान लिव्हर आणि टॉमको (टाटा ऑइल मिल्स) यांच्या विलीनीकरणाचा. टॉमकोच्या १५ शेअरला लिव्हरचे २ शेअर, हे प्रमाण भागधारकांच्या बाजूने आव्हानित झाले आणि कामगार संघटनाही न्यायालयात गेली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण कायम ठेवले. मूल्यांककाने निव्वळ मत्ता, बाजारभाव आणि कमाई या तिन्ही पद्धती एकत्र वापरल्या होत्या. मूल्यांकनात न्यायालय कुठवर हात घालते, कामगारांचे म्हणणे कुठवर ऐकते आणि सार्वजनिक हिताच्या नावाखाली काय काय येते, हे सगळे एका निवाड्यात आहे. त्याच हिंदुस्थान लिव्हरच्या नावावर २००३ चा दुसरा निकालही आहे : विलीनीकरणाच्या न्यायालयीन आदेशावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क भरावेच लागते. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीच्या अंदाजपत्रकात ही ओळ राहून गेली, तर सौदा झाल्यावर सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

ज्या महाविद्यालयांना मोठ्या कंपन्या दूरच्या वाटतात, त्यांनी सहकारी बँका घ्याव्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. तिथे शेअर बाजारात भाव नसतो, एका सभासदाला एकच मत असते, आणि विलीनीकरणामागे नफ्यापेक्षा ठेवीदार वाचवण्याचे कारण असू शकते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना नोकरीत पहिले विलीनीकरण बहुधा असलेच भेटेल.

आता पेपरची रचना. ६० तासांपैकी पहिले सहा तास कागद वाचण्याला द्या : योजना, मूल्यांकन अहवाल, निष्पक्षता मत (शेअरचे प्रमाण रास्त आहे का यावरचा अभिप्राय), सभेच्या सूचनेसोबतचे स्पष्टीकरण, स्पर्धा आयोगाचा आणि एनसीएलटीचा आदेश. सगळे कंपनीच्या, शेअर बाजाराच्या किंवा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर असते. योजनेची एक छापील प्रत पाच मुलांत द्यावी, मोबाइलवर कोणी नीट वाचत नाही. पुढचे चौदा तास मूल्यांकन आणि हिशेब, दहा तास कायदा व नियामक, सहा तास कर, दहा तास माणसे आणि वेतन, सहा तास संगणक प्रणाली व ग्राहक. उरलेले आठ तास विलीनीकरणानंतरच्या चार तिमाहींचे निकाल वाचायला. हे शेवटचे आठ कोणत्याही सबबीवर कापू नका. शिकवण्याचा सगळा कस तिथे लागतो, आणि सत्र आखडले की पहिली कात्री तिथेच बसते.

एक अट महत्त्वाची आहे. किमान बारा तास दोन शिक्षक एकाच वेळी वर्गात हवेत. ५८ पैशांचे गणित फायनान्सच्या शिक्षकाने मांडायचे आणि ‘मग ठेवी आणणार कोण?’ हे मार्केटिंगच्या शिक्षकाने त्याच तासाला विचारायचे. वेगवेगळ्या दिवशी विचारले तर त्याचा पुन्हा वेगळा पेपर होतो. अडचण कुठे येईल ते आम्हाला दिसते : एका तासाचा कार्यभार दोघांना अर्धा-अर्धा मोजला जातो आणि कोणी तयार होत नाही. तेव्हा या बारा तासांचा पूर्ण कार्यभार दोघांनाही द्यावा, असा ठराव विद्या परिषदेकडे पाठवण्याची मागणी अभ्यास मंडळांनी करावी. हे झाले नाही तर बाकीचे सगळे कागदावर राहील.

परीक्षेत ‘टिपा लिहा : रिव्हर्स मर्जर’ नको. तीन तास, पुस्तके उघडी आणि समोर न पाहिलेल्या एका जुन्या व्यवहाराची दहा पाने. आयसीआयसीआय लिमिटेडचे २००२ मधले आपल्याच बँकेत झालेले विलीनीकरण यासाठी उत्तम आहे, कारण एचडीएफसी शिकलेल्या मुलाला त्यात साम्य दिसते आणि फरक शोधावा लागतो. प्रश्न चारच असावेत, आणि एकाचेही उत्तर एका विषयातून पुरे होऊ नये. पेपर तपासायलाही दोन परीक्षक लागतील. खर्च वाढेल, ते मान्य.

जाता जाता शब्दांचे. मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिकांत मर्जरला कुठे ‘विलीनीकरण’, कुठे ‘एकत्रीकरण’, कुठे ‘सामिलीकरण’ म्हणतात, आणि अ‍ॅक्विझिशनला ‘संपादन’. संपादन म्हटले की मुलांना वर्तमानपत्र आठवते. राज्यभर एकच शब्दसूची ठरवा आणि प्रश्नपत्रिकेत इंग्रजी संज्ञा देवनागरीत शेजारी छापा.

एचडीएफसीच्या व्यवहाराची एक फाइल आम्ही तयार केली आहे : तारखांचा तक्ता, आजींच्या दहा शेअरचे गणित, ७५४ कोटींचे गणित, ५८ पैशांची वर्कशीट, ज्येष्ठता यादीचा व्यायाम आणि चार तिमाहींच्या निकालांतले निवडक उतारे. जे मंडळ मागेल त्याला ती विनामूल्य मिळेल, आणि पहिल्या सत्रात वर्गावर येऊन बसायलाही आम्ही तयार आहोत. आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत या पेपरचा विषय घ्यावा आणि बैठकीची तारीख आम्हाला कळवावी, ही विनंती.

आपले,
विलीनीकरणाच्या कामातले काही सीए, कंपनी सेक्रेटरी, मूल्यांकक, मनुष्यबळ आणि माहिती तंत्रज्ञान व्यावसायिक